जुन्या फ्लॅटहेड इंजिनाला कोणता प्लग बसवावा?

आर्वी तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. त्यांच्या वाड्यात आजोबांनी घेतलेली विलीज जीप आहे आणि नाल्याच्या काठावर पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे, साइड व्हॉल्व्हचे, म्हणजे फ्लॅटहेडच, जुने पंपाचे इंजिन आहे. संत्र्याच्या बगीच्यातून जीप हळूहळू फिरवली की तिचे प्लग काळे पडतात आणि इंजिन मिसिंग करू लागते. मूळ क्रमांकाचा प्लग तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने मारुती ८०० चा प्लग हाती दिला आणि आटे तेच आहेत, बसून जाईल, असे सांगितले. तो बसवावा का, नसल्यास कोणता बसवावा आणि पंपालाही तोच चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तो प्लग बसवू नये. आटे तेच आहेत हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे, कारण दोन्हींचा व्यास १४ मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर सव्वा मिलिमीटर आहे. पण मारुतीच्या प्लगच्या आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आहे आणि विलीजच्या फ्लॅटहेड इंजिनाला लागणाऱ्या प्लगची लांबी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आहे. लांब प्लग बसवला तर साडेनऊ मिलिमीटर धातू ज्वलनकक्षात खाली लोंबत राहील. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात असे झाले तर कदाचित काही काळ निभावून जाते, परंतु फ्लॅटहेडमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, पिस्टनच्या शेजारी उभे असतात आणि खालून वर, म्हणजे थेट हेडच्या दिशेने उघडतात. प्लग त्याच भागात बसवलेला असल्याने लांब प्लगचे टोक आणि वर उचललेल्या व्हॉल्व्हचे डोके एकमेकांवर आपटू शकतात. व्हॉल्व्ह वाकला की हेड उतरवून दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि या इंजिनाचे व्हॉल्व्ह आता प्लगपेक्षाही दुर्मिळ झाले आहेत. आपटले नाही तरी खाली आलेल्या उघड्या आट्यांवर कार्बन भाजून घट्ट बसतो आणि पुढे प्लग काढताना तो हेडचे आटे सोबत ओढून आणतो.

म्हणून प्लग निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा किंवा क्रमांकाचा नसून मापाचा असतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत आपल्याकडे कोणते हेड आहे हे गृहीत धरू नये, कारण सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ते एकदा तरी बदलले गेलेले असण्याची शक्यता बरीच असते. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. पुढे आलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्ये हरिकेन नावाचे इंजिन होते, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. ते फ्लॅटहेड नव्हे, जरी गावोगावी दोन्हींना जुनी विलीज असेच म्हणतात. हेडच्या वर रॉकरचे झाकण असेल तर ते हरिकेन. हेड म्हणजे बोल्टांनी आवळलेली साधी बिडाची जाड पाटी असेल आणि तिच्यात वरून चार प्लग बसवलेले असतील, तर ते फ्लॅटहेड. दोन्हींची घनक्षमता जवळपास २२०० सीसीच असल्यामुळे केवळ कागदपत्रांवरील सीसी पाहून ओळख पटत नाही.

लांबी मोजण्याची एक पद्धत येथे सविस्तर सांगतो. सायकलच्या स्पोकसारखी पातळ तार घेऊन तिचे टोक चिमट्याने दोन मिलिमीटर काटकोनात वाकवावे. तार प्लगच्या छिद्रातून आत सोडून वाकवलेले टोक आट्यांच्या शेवटच्या कडेला खालून अडकवावे आणि प्लग जिथे टेकतो त्या हेडच्या पृष्ठभागाशी तारेवर नखाने खूण धरावी. तार बाहेर काढून ते अंतर पट्टीवर मोजले की हेडच्या आट्यांची खरी लांबी कळते. हे चारही छिद्रांवर करावे, कारण कधीकाळी एखाद्या सिलिंडरचे आटे गेल्यावर तिथे स्लीव्ह बसवलेली असते आणि तिची लांबी इतर तिघांशी जुळत नाही. नवा प्लग वायसरसह या मापाशी ताडून पाहावा. आटे कक्षाच्या छताशी समतल यावेत. अर्धा-एक मिलिमीटर कमी असल्यास चालते, बाहेर आलेले चालत नाहीत. प्लग फारच आखूड असला तर ठिणगी खोल खड्ड्यात पडते, खालचे रिकामे आटे काजळीने भरतात आणि पुढे योग्य लांबीचा प्लगही तिथे सरळ जात नाही. लांब प्लगखाली दोन-तीन वायसर घालून तो आखूड करण्याची युक्ती मी अनेक गॅरेजांत पाहिली आहे. ती करू नये, कारण प्लगची उष्णता बैठकीतून हेडमध्ये उतरते आणि प्रत्येक जादा वायसर तो मार्ग अडवतो.

टोक पुढे आलेला, म्हणजे चिनी मातीचा दांडा धातूच्या कवचाबाहेर दीड-दोन मिलिमीटर डोकावणारा प्लग घ्यायचा मोह झाला, तर त्याचीही खात्री करून घ्यावी लागते. हेड कोणत्याही कारणाने उतरलेलेच असेल तर दोन्ही व्हॉल्व्हच्या डोक्यांवर शाडू मातीचा जाड थर दाबावा, हेडच्या आतील बाजूस तेलाचा हात फिरवावा, जुने गॅस्केट ठेवून हेड आवळावे, प्लग बसवावा आणि हँडलने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. हेड पुन्हा काढून प्लगच्या खुणेखालची माती ब्लेडने कापली की उरलेली जाडी दिसते. दीड मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरत असेल तर मी तो प्लग नाकारतो. हेड उतरलेले नसेल तर एवढ्यासाठी ते उतरवू नये. सरळ टोक आत असलेला साधा प्लग घ्यावा.

आता उष्णतेच्या श्रेणीकडे वळू, कारण प्लग काळे पडण्याच्या तक्रारीचा खरा संबंध तिच्याशी आहे. प्लगच्या आतील मातीच्या नाकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते; ते ८०० ते ८५० च्या पलीकडे गेले की तापलेले नाक ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागते आणि पिस्टन धोक्यात येतो. नाक लांब आणि बारीक असेल तर त्यातून उष्णता हळू निघते आणि टोक तापलेले राहते, त्याला गरम प्लग म्हणतात. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग. ठिणगीच्या जोराशी या गरम-थंडपणाचा काही संबंध नाही. विलीजच्या फ्लॅटहेडचे कॉम्प्रेशन सुमारे साडेसहास एक इतकेच आहे आणि इनटेकमधून येणारे थंड, ओलसर मिश्रण प्लगवरूनच जाते, त्यामुळे कमी वेगाने चालताना प्लगचे नाक स्वच्छतेच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही. बगीच्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा चोक ओढून, मजुरांच्या चालीने चालणारी जीप हे प्लग काळा पडण्याचे अगदी हमखास निमित्त आहे.

या जीपच्या मूळ पुस्तिकेत चॅम्पियनचा जे ८ हा प्लग दिलेला आहे. आज तो जे ८ सी या नावाने ओळखला जातो आणि एनजीकेमध्ये त्याच मापाचा बी ६ एस येतो. हमरस्त्याने आर्वी ते वर्धा अशी नियमित ये-जा असेल तर हाच घ्यावा. केवळ शेतातच फिरवायची असेल तर एक पायरी गरम घ्यावा, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण गरम म्हणजे मोठा अंक की लहान अंक याबाबत कंपन्यांचे एकमत नाही. एनजीकेमध्ये अंक लहान होत गेला की प्लग गरम होत जातो, म्हणजे सहापेक्षा पाच गरम. चॅम्पियनमध्ये नेमके उलट, आठपेक्षा अकरा गरम. बॉशच्या आजच्या क्रमांकांत सातपेक्षा आठ गरम आहे. पण आपल्याकडे ज्याला सर्वजण मायको म्हणतात त्या जुन्या डबीवर डब्ल्यू १७५ किंवा डब्ल्यू १४५ असे तीन आकडी अंक असतात आणि तिथे अंक लहान असेल तो प्लग गरम. ही मायको म्हणजे बॉशच्याच सहभागाने १९५१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेली कंपनी. २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. जुना १७५ म्हणजे साधारण आजचा सात, १४५ म्हणजे आठ आणि २२५ म्हणजे पाच, असे ध्यानात ठेवले तर खेड्यातील दुकानाच्या वरच्या फळीवर पडून राहिलेला जुना माल निवडताना उपयोग होतो. मात्र अंक जुळला तरी अक्षरे विसरू नयेत: एनजीकेमध्ये एच हे अक्षर १२.७ मिलिमीटर लांबी आणि ई हे अक्षर १९ मिलिमीटर लांबी दाखवते, तर बॉशमध्ये १२.७ साठी ए आणि १९ साठी सी ही टोक पुढे न आलेल्या प्लगची अक्षरे आहेत. म्हणजे बी ६ एस आणि बी ६ एच एस यांच्यात एका अक्षराचा फरक दिसत असला तरी लांबीत तीन मिलिमीटरहून अधिक तफावत आहे.

एक पायरी गरम घेण्यास हरकत नाही. तीन पायऱ्या गरम घेऊन तेल खाणाऱ्या इंजिनाचा दोष झाकण्यास मात्र माझा विरोध आहे. काळेपणा दोन प्रकारचा असतो. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग थंड आहे. ओला, चकचकीत, तेलकट थर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजावेत आणि कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला तर रिंगा गेल्या आहेत. हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. कोरडी काजळी असेल तर प्लगला हात लावण्याआधी चोकची केबल पूर्ण परत जाते का आणि ऑइल बाथ एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने चिखल होऊन बसला आहे का, हे पाहावे. कापसाच्या वाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावरची धूळ त्या फिल्टरला इतकी गच्च करते की इंजिन चोक ओढल्यासारखे चालते.

प्लगचा रंग पाहून निदान करताना जुन्या पुस्तकांतील चित्रांवर फार विसंबू नये. ती चित्रे शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्या देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते आणि त्यावर चालणाऱ्या निरोगी इंजिनाचे नाक चित्रातल्या बदामी रंगापेक्षा बरेच पांढरट राहते. नाक पांढरे दिसले की प्लग फार गरम आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. पांढऱ्या नाकावर बारीक चकाकणारे थेंब किंवा फोड असतील, किंवा इलेक्ट्रोडची कड गोलाकार वितळलेली असेल, तेव्हा काळजी करावी. आता मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेचे प्रमाण वाढवते, आणि त्यानेही नाक पांढरे होते. त्यावर उपाय थंड प्लग नसून कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा करणे हा आहे. रंग पाहायचा तर जीप चढावर तिसऱ्या गिअरमध्ये भारासह दोन-तीन किलोमीटर चालवावी, क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद करावी आणि रस्त्याच्या कडेलाच प्लग काढावेत. अंगणात दहा मिनिटे आयडलवर ठेवून काढलेल्या प्लगवरून फक्त आयडल कसे आहे तेवढेच कळते.

वैशाखात आणखी एक गैरसमज दिसतो. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा जीप दुपारी बाजारात उभी केली की पुन्हा सुरू होत नाही आणि दोष प्लगवर जातो. ते बहुधा इंजिनावरच्या पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकल्याने होते. प्लग काढून पाहिला आणि तो कोरडा निघाला तर प्लग बदलून काहीच साधणार नाही. पंपावर ओला फडका ठेवावा आणि नळी एक्झॉस्टपासून दूर बांधावी.

गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, याविषयी थोडक्यात. या जीपला ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर गॅप सांगितलेला आहे. नव्या डबीतील प्लग आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी एक मिलिमीटरपर्यंत उघडे ठेवलेले असू शकतात, आणि मूळ सहा व्होल्टच्या दमलेल्या कॉइलला एवढी उडी जमत नाही. म्हणून फिलर गेज लावल्याशिवाय एकही प्लग बसवू नये. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड. मधल्यावर पाना टेकवला की मातीला तडा जातो. मॅग्नेटोच्या, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणाऱ्या, लहान इंजिनांना गॅप त्याहून कमी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवल्यास दोरी ओढताना ठिणगी लवकर पडते. आर अक्षराच्या, म्हणजे आत सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर असलेल्या प्लगची भीती अवाजवी आहे; चांगल्या कॉइलवर त्याने फरक पडत नाही. तरीही कमकुवत मॅग्नेटोवर आणि रेझिस्टरची टोपी आधीच असलेल्या वायरवर मी तो टाळतो. इरिडियमचे महागडे प्लग या इंजिनांसाठी घेऊ नयेत: तेल खाणाऱ्या इंजिनात बारीक टोकाभोवती थर साचला की ते साफ करता येत नाहीत आणि ज्या दीर्घ आयुष्यासाठी पैसे मोजले ते मिळतच नाही.

बसवताना बैठक पुसून घ्यावी, प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवावा आणि वायसर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. वापरलेल्या, चपटलेल्या वायसरला फेऱ्याचा बारावा भागच पुरे होतो. टॉर्क पाना असल्यास बिडाच्या हेडमध्ये ३५ ते ४० न्यूटन मीटर, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३०. बोटांनी अडकला तर आटे खराब आहेत, जोर लावू नये. इंजिन पूर्ण थंड असताना हे काम करावे.

ज्यांच्याकडे वाड्यात जुनी फोर्ड उभी आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तिथे १४ मिलिमीटर गृहीत धरूच नये. मॉडेल टीचा प्लग अर्धा इंची, निमुळत्या पाइपच्या आट्यांचा असतो आणि त्याला वायसर नसते. मॉडेल ए चा सात अष्टमांश इंचाचा. १९३२ च्या फ्लॅटहेड व्ही ८ चा १८ मिलिमीटरचा, आणि १९३८ च्या सुमारास तो १४ मिलिमीटरवर आला. मधल्या काळातील मालकांनी ॲडॉप्टर बसवलेले असतील तर तेही तपासावेत. १९५७ च्या पहिल्या ॲम्बॅसडरमध्येही साइड व्हॉल्व्हचे १४७६ सीसी इंजिन होते, तिथेही तारेनेच मोजावे.

पंपाच्या इंजिनाकडे येऊ. त्याला जीपचा प्लग आपोआप चालेल असे समजू नये. आटे १४ मिलिमीटरचेच असण्याची शक्यता जास्त असली तरी फार जुन्या काही इंजिनांत १८ चे असतात, आणि लांबी तारेने मोजूनच ठरवावी. रॉकेल पेट्रोलसारखे सहज वाफ होत नाही, म्हणून या इंजिनांचे कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेले असते आणि न जळालेले घासलेट प्लगवर थबकते. यासाठी मूळ प्लग बराच गरम दिलेला असतो आणि तोच योग्य आहे. अलीकडे रेशनचे रॉकेल दुर्मिळ झाल्याने अनेकजण हेच इंजिन दिवसभर पेट्रोलवर चालवतात. तसे करत असाल तर एक पायरी थंड प्लग घ्यावा, कारण पूर्ण भारावर तासन्‌तास चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनाचे हेड जीपच्या पाण्याने थंड होणाऱ्या हेडपेक्षा कितीतरी जास्त तापते. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार ठोके मारत राहिले तर प्लग फार गरम आहे किंवा हेडमध्ये कार्बन साचला आहे, असे समजावे. रॉकेलवरच चालवत असाल तर बंद करण्यापूर्वी तीन-चार मिनिटे पेट्रोलचा कॉक उघडून चालवावे, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहते आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढताना प्लग रॉकेलने भिजत नाही. भिजलाच तर तो कापडाने पुसून उन्हात ठेवावा; तारेच्या ब्रशने घासू नये, कारण ब्रशच्या धातूच्या रेघा मातीवर उमटतात आणि ठिणगी त्या रेघांवरून आतल्या आत उतरून जाते.